हरभरा-तुरीची मर: ट्रायकोडर्मा कधी वापरायचा, किती, आणि कुठे त्याचा उपयोग नाही

हरभरा पेरून तीन-साडेतीन आठवडे झाले की काळ्या रानात ठिकठिकाणी रोपं मान टाकू लागतात. आधी दोन-चार, मग एखादा गोल पट्टा. जमिनीत ओल असते, पाणी दिलेलं असतं, तरी रोप वरून कोमेजतं आणि दोन-तीन दिवसांत वाळतं. तुरीत हेच फुलोऱ्याच्या आणि शेंगा भरायच्या वेळी होतं. सहा महिने सांभाळलेलं झाड ऐन माल लागताना उभ्या उभ्या वाळतं. विदर्भात याला 'तूर उबळली' म्हणतात, इतर ठिकाणी 'मर लागली' म्हणतात.

मर दिसली की बहुतेक जण कृषी सेवा केंद्रात जातात आणि आळवणीचं औषध घेऊन येतात. पैसे जातात, झाड काही उठत नाही. कारण हा रोग पानावर नसतो, मुळातून आत शिरून खोडात बसलेला असतो. त्यावरचा खरा उपाय पेरणीच्या आधी करायचा असतो. जैविक उपाय तर फक्त तेव्हाच काम करतात.

मर होते म्हणजे नेमकं काय होतं

हरभऱ्यातली मर फ्युझारियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या सायसेरिस नावाच्या प्रकारामुळे होते. तुरीतली मर फ्युझारियम उडम या बुरशीमुळे. दोन्ही जमिनीत राहणाऱ्या. मुळाच्या कोवळ्या टोकातून किंवा जखमेतून त्या आत जातात आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढतात. नळ्या बुजल्या की खाली ओल असूनही वर पाणी पोचत नाही. झाड तहानेने मरतं.

ओळखायची सोपी पद्धत आहे. मेलेलं नव्हे, मरायला लागलेलं झाड मुळासकट उपटायचं. मूळ बाहेरून साधारण चांगलं दिसेल, कुजलेलं नसेल. मग चाकूने खोड आणि मूळ उभं चिरायचं. आत मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती मर. तुरीत खोडावर जमिनीपासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा दिसतो. तिथली साल सोलली की खाली काळ्या रेषा असतात. कधी तुरीची एकच बाजू वाळते आणि दुसरी हिरवी राहते, तेही याच रोगाचं लक्षण.

ही बुरशी जिद्दी आहे. पीक नसलं तरी जाड कवचाचे बीजाणू करून ती मातीत पडून राहते. हरभऱ्याच्या मरेची बुरशी पीक न घेताही सहा वर्षांपर्यंत जमिनीत जिवंत राहिल्याचं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे 'दोन वर्षं हरभरा घेतला नाही, आता रान साफ झालं' हा हिशोब चुकतो. आणखी एक अडचण अशी की तूर, मसूर आणि वाटाण्याच्या मुळांतही ही हरभऱ्याची बुरशी राहू शकते. त्या पिकांवर लक्षण दिसत नाही, पण बुरशी सांभाळली जाते. त्यामुळे हरभऱ्याच्या रानात बेवड म्हणून तूर घेतली तर फेरपालट झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात मरेच्या बाबतीत फारशी होत नाही. ज्वारी, बाजरी, गहू, मका अशी तृणधान्यं मध्ये आली पाहिजेत.

बुरशी बियाण्यातूनही येते. मर लागलेल्या रानातला हरभरा घरचं बी म्हणून ठेवला तर पुढच्या वर्षी ती नव्या रानात जाते. शिवाय रोटाव्हेटर, नांगर, पाभर यांना चिकटलेल्या मातीतून आणि पाटाच्या वाहत्या पाण्यातूनही ती वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत उतरते.

सगळी 'मर' एक नसते

इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. झाड वाळलं की मर, आणि मर म्हटली की ट्रायकोडर्मा, असं समीकरण झालंय. पण वाळायची कारणं वेगवेगळी आहेत.

हरभऱ्यात पेरणीनंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात रोप पिवळं पडून मेलं, जमिनीलगतचा भाग कुजलेला आणि त्यावर पांढरी बुरशी, मोहरीसारखे बारीक गोल दाणे दिसले, तर ती मानकूज. न कुजलेला काडीकचरा आणि जास्त ओल असलेल्या रानात, विशेषतः सोयाबीनचं कुटार तसंच गाडून लगेच पेरणी केली तिथे, ही जास्त येते. फुलोरा ते घाटे या काळात, ऊन वाढल्यावर आणि ओल संपत आल्यावर झाडं गवतासारखी पिवळी होऊन वाळली आणि उपटताना सोटमूळ कट्‌कन तुटलं, बारीक मुळं शिल्लकच नसली, तर ती कोरडी मूळकूज. या दोन्हीही बुरशीच आहेत आणि ट्रायकोडर्माचा उपयोग दोन्हींत काही प्रमाणात होतो. पण कोरड्या मूळकुजीत एखादं संरक्षित पाणी वेळेवर देणं हे कुठल्याही पावडरीपेक्षा जास्त कामाचं.

कपाशीचं प्रकरण वेगळंच. पावसाचा मोठा खंड पडला, मग एकदम जोराचा पाऊस झाला किंवा मोकाट पाणी दिलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पात्या-बोंडांनी लदलेली झाडं अचानक लुळी पडली, तर ती आकस्मिक मर. हा बुरशीचा रोगच नाही. मुळांना हवा न मिळाल्याने झाडाची आतली व्यवस्था कोलमडते. इथे ट्रायकोडर्मा ओतून काही होत नाही. साचलेलं पाणी ताबडतोब बाहेर काढणं आणि वाफसा आणणं, हे पहिलं काम. उशीर जितका कमी, तितकी झाडं जास्त वाचतात.

टोमॅटो, वांगी, मिरचीत हिरवं झाड पिवळं न पडता एकाएकी कोमेजलं तर ती बहुधा जिवाणूजन्य मर. खोडाचा तिरका तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरायचा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली तर जिवाणू आहे. पाणी स्वच्छच राहिलं तर बुरशीचा संशय धरायचा. ही चाचणी घरी पाच मिनिटांत होते आणि चुकीचं औषध घेण्यापासून वाचवते.

ट्रायकोडर्मा करतो काय

ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच. चांगल्या कुजलेल्या मातीत ती आपोआप असते. दुसऱ्या बुरशीला ती खाते, हे अमेरिकेत रिचर्ड वाईंडलिंग यांनी 1932 मध्ये दाखवलं. त्यानंतर आजपर्यंत तिच्यावर जगभर काम झालं आणि भारतात ट्रायकोडर्मा विरिडी आणि ट्रायकोडर्मा हर्जियानम ही दोन नावं पुड्यावर सर्रास दिसू लागली.

तिचं काम तीन-चार प्रकारे चालतं. रोगाच्या बुरशीच्या धाग्याभोवती ती वेटोळं घालते, कायटिनेझसारखी विकरं सोडून तिची भिंत विरघळवते आणि आतलं अन्न खाते. काही विषारी द्रव्यं सोडून रोगाच्या बुरशीची वाढ अडवते. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा धरणं. बी उगवून मूळ निघतं तेव्हा त्यातून झिरपणाऱ्या गोड रसावर सगळ्याच बुरशी धावतात. ट्रायकोडर्मा बियावरच बसलेला असेल तर तो आधी पोचतो, मुळाभोवती पसरतो आणि फ्युझारियमला शिरायला जागा कमी उरते. त्याशिवाय झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही तो जागी करतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. फ्युझारियम एकदा खोडाच्या नळ्यांत शिरला की ट्रायकोडर्मा त्याच्या मागे तिथे जाऊन त्याला खात नाही. वाळायला लागलेलं झाड त्याने वाचत नाही. उभ्या पिकात आळवणी केली तर फार तर शेजारच्या निरोगी झाडांना थोडा आधार मिळतो. कोणी 'तीन दिवसांत मर बंद' असं सांगून विकत असेल तर ते खोटं आहे, मग पुड्यावर काहीही छापलेलं असो.

मर शंभर टक्के थांबेल असंही नाही. ती कमी होते. किती कमी होईल हे रानात बुरशी किती साठली आहे, वाण कोणता आहे आणि मातीत सेंद्रिय खत किती आहे यावर ठरतं. जिथे दरवर्षी निम्मं रान वाळतं तिथे एका वर्षाच्या बीजप्रक्रियेने चमत्कार होणार नाही.

बीजप्रक्रिया: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी

पावडर स्वरूपातला ट्रायकोडर्मा एक किलो बियाण्याला 4 ते 5 ग्रॅम पुरतो. रोगाचा इतिहास असलेल्या रानासाठी 10 ग्रॅमपर्यंत घ्यायला हरकत नाही. एकराला 28 ते 30 किलो हरभरा धरला तर सव्वाशे ते तीनशे ग्रॅम पावडर झाली. तुरीला बी कमी लागतं, तिथे 50 ग्रॅमही पुरते. एका पिशवी खताच्या तुलनेत हा खर्च काहीच नाही, तरी पेरणीच्या घाईत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

एक लिटर पाण्यात 100 ते 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करायचा. गरम द्रावणात ट्रायकोडर्मा मरतो, हे लक्षात ठेवायचं. बी ताडपत्रीवर किंवा गोणपाटावर पसरून त्यावर द्रावण हलकं शिंपडायचं, बी भिजवायचं नाही, फक्त ओलसर करायचं. पावडर टाकून हलक्या हाताने बी खालीवर करायचं. जोरात चोळलं तर हरभऱ्याचं टरफल निघतं आणि उगवण घटते. मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. उन्हात वाळवलं तर केलेलं काम वाया.

रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणूही लावायचे असतील तर क्रम पाळायचा. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते सर्वांत आधी, मग ट्रायकोडर्मा, आणि जिवाणू खतं सगळ्यात शेवटी, दर 10 किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम.

रासायनिक बुरशीनाशकाबाबत मात्र सांभाळून. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं. दोन्ही एकाच बियाला लावणं म्हणजे एका हाताने लावायचं आणि दुसऱ्याने उपटायचं. कार्बोक्झिन मात्र ट्रायकोडर्माला चालतं. म्हणून किलोला 4 ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि 1 ग्रॅम कार्बोक्झिन अशी जोडी हरभऱ्यासाठी सुचवली जाते. विकत आणलेल्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर आधीच कोणतं औषध लावलंय ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय वरून काही लावू नये.

जमिनीत द्यायचा असेल तर शेणखतातून

पुडा फोडून कोरड्या मातीवर उधळला तर ट्रायकोडर्मा उपाशी मरतो. त्याला खायला सेंद्रिय पदार्थ आणि जगायला ओल लागते. म्हणून एकरी 1 किलो पावडर 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायची. ढीग झाडाखाली किंवा छपरात करायचा. ओल इतकी हवी की मूठ वळली तर लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. वरून ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक झाकायचं, दर तीन-चार दिवसांनी ढीग उलटायचा, लागलं तर पाणी शिंपडायचं. आठ-दहा दिवसांत ढिगात पांढरी-हिरवट वाढ दिसू लागते. मग पेरणीआधीच्या शेवटच्या पाळीला, वाफसा असताना, हे खत पसरून मातीत मिसळायचं. तयार झालेलं खत महिनाभर पडून ठेवू नये.

शेणखत मात्र कुजलेलंच हवं. उकिरड्यातलं अर्धकच्चं खत घातलं तर मानकुजीला आयतं निमंत्रण, वर हुमणी आणि वाळवी वेगळीच. ट्रायकोडर्मा दिल्यावर चार-पाच दिवस तरी त्या जमिनीत रासायनिक बुरशीनाशक जाऊ देऊ नये.

मराठवाड्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं 'बायोमिक्स' अनेक जण वापरतात. त्यात ट्रायकोडर्मासोबत इतरही उपयोगी बुरशी आणि जिवाणू असतात. त्याचं प्रमाण पुड्यावरच्या सूचनेप्रमाणेच घ्यावं, वर दिलेला हिशोब नुसत्या ट्रायकोडर्मा पावडरीचा आहे. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणूही मरेविरुद्ध वापरला जातो, किलोला 10 ग्रॅम याप्रमाणे.

पुडा घेताना

ट्रायकोडर्मा हे औषध नाही, जिवंत जीव आहे, आणि तो दुकानातच मेलेला असू शकतो. पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर पडलेला पुडा फुकट मिळाला तरी घेऊ नये. उत्पादनाची तारीख, मुदत, बॅच नंबर आणि नोंदणी क्रमांक पाहायचा. एक ग्रॅम पावडरीत किमान 20 लाख जिवंत बीजाणू असायला हवेत. पुड्यावर हे '2 × 10 चा सहावा घात, सीएफयू प्रति ग्रॅम' अशा स्वरूपात लिहिलेलं असतं. पक्कं बिल घ्यायचं. पावडर हिरवी आहे म्हणजे चांगली असं नाही, रंग कुणीही मिसळू शकतं.

संशय असेल तर घरी एक ढोबळ तपासणी करता येते. मूठभर ज्वारी उकडून निथळून थंड करायची आणि दोन स्वच्छ वाट्यांत घ्यायची. एकीत चिमूटभर पावडर मिसळायची, दुसरी तशीच ठेवायची. दोन्ही झाकून सावलीत ठेवायच्या. चार-सहा दिवसांत पावडरीच्या वाटीत पांढरी आणि मग गडद हिरवी वाढ दाट आली आणि दुसरीत आली नाही, तर पावडरीत जीव आहे. दोन्हींत सारखीच बुरशी आली तर ती नेहमीची घरातली बुरशी समजायची. या तपासणीतून बीजाणूंची संख्या कळत नाही, मेलेला माल तेवढा कळतो.

कृषी विज्ञान केंद्र आणि कृषी विद्यापीठांच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात ताजा माल मिळतो. पेरणीच्या आठवड्यात तिथे गर्दी होते, म्हणून दोन-तीन आठवडे आधी विचारून ठेवलेलं बरं. फार आधी आणून मात्र ठेवू नये, आणि आणलेला पुडा खत-औषधांच्या पेटीत नको, थंड सावलीत हवा.

वाण, पेर आणि बाकीची कामं

मरेवरचा अर्धा उपाय वाणातच आहे. हरभऱ्यात विजय, दिग्विजय, जाकी 9218, फुले विक्रम, आणि काबुलीत विराट हे मर प्रतिकारक म्हणून ओळखले जातात. पण या बुरशीच्याही आठ जाती ओळखल्या गेल्या आहेत, आणि एका भागात टिकलेला वाण दुसऱ्या भागात टिकेलच असं नाही. आपल्या शिवारात कोणता वाण उभा राहतो हे बांधावर विचारूनच ठरवावं. वर्षानुवर्षं घरचंच बी वापरल्याने भेसळ होते आणि नाव तेच राहिलं तरी प्रतिकारशक्ती राहत नाही.

तुरीची गोष्ट मोठी शिकवणारी आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेचा मारुती (आयसीपी 8863) हा वाण 1986 मध्ये कर्नाटकात प्रसारित झाला. मर त्याला फारशी लागत नसे. पण वांझ रोगापुढे तो टिकला नाही. मग 1993 च्या सुमारास दोन्ही रोगांना तोंड देणारा आशा (आयसीपीएल 87119) आला. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएसएमआर 736, बीडीएन 711, बीडीएन 716 आणि अलीकडचा गोदावरी हे वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांचा विचार करूनच निवडले गेले. म्हणून तुरीचं बी घेताना नुसतं 'मर लागत नाही ना' एवढं विचारून भागत नाही.

तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं की मर कमी होते, हे जुन्या शेतकऱ्यांना माहीत होतं आणि इक्रिसॅटच्या प्रयोगांतही दिसलं. सोयाबीन-तूर आली, ज्वारी गेली, आणि हा फुकटचा उपाय हातातून गेला. सगळं रान ज्वारीला देणं आज परवडत नसेल, पण मरेच्या पट्ट्यापुरती तरी एक वर्ष ज्वारी घेता येते.

हरभरा ऊन तापलेलं असताना लवकर पेरू नये. ही बुरशी 25 ते 30 अंशांत जोमाने वाढते, थंडी पडू लागल्यावर पेरलेल्या पिकाला रोपावस्थेत त्रास कमी होतो. बी 8 ते 10 सेंटिमीटर खोल पडावं, वरवर पेरलेल्या हरभऱ्यात मर जास्त दिसते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू द्यावं. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेसाठी एप्रिल-मेमध्ये वाफे भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट झाकण्याचा उपाय चांगला चालतो. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. दहा एकर हरभऱ्याला हे शक्य नाही, रोपवाटिकेला आहे.

केळीतली पनामा मर आणि डाळिंबातली मर यांचा हिशोब वेगळा ठेवावा. पनामा मर फ्युझारियमचीच आहे, पण बहुवर्षायू पिकात ती कंदातून आणि रोपांतून पसरते, तिथे निरोगी ऊतीसंवर्धित रोपं आधी. डाळिंबाची मर बहुधा सेरॅटोसिस्टिस नावाच्या दुसऱ्याच बुरशीची असते, आणि सूत्रकृमी किंवा खोडाला भोकं पाडणारे भुंगेरे सोबत असतील तर नुसत्या ट्रायकोडर्माने ती आटोक्यात येत नाही.

आत्ता रानात मर दिसत असेल तर

वाळलेली झाडं मुळासकट उपटून रानाबाहेर जाळावीत, बांधावर टाकू नयेत आणि शेणखताच्या खड्ड्यात तर मुळीच नाही. त्या पट्ट्यातून वाहणारं पाणी खालच्या पट्टीत जाऊ देऊ नये. पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून ठेवाव्यात किंवा मोबाइलमध्ये फोटो आणि जागा नोंदवून ठेवावी, कारण पुढच्या पेरणीला तीच जागा नेमकी आठवत नाही. त्या भागातला माल बियाण्यासाठी राखू नये, रोटाव्हेटर तिथे सगळ्यात शेवटी फिरवावा आणि माती झटकूनच पुढच्या रानात न्यावा.

निदान पक्कं करायचं असेल तर पूर्ण वाळलेलं झाड नेऊ नये, त्यावर नंतर वाढलेल्या दुसऱ्याच बुरशी सापडतात. नुकतीच मान टाकलेली तीन-चार झाडं मुळाभोवतीच्या मातीसकट खोदून काढावीत, कागदात गुंडाळावीत आणि त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्रात न्यावीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर वाटेतच घामेजून कुजतात. सोबत पेरणीची तारीख, वाण, आधीचं पीक आणि शेवटचं पाणी कधी दिलं हे सांगितलं की तिथल्या माणसाला लवकर अंदाज येतो.